व्हेल्ड शॅमेलिऑन आणताय? आधी किड्यांच्या जेवणाची सोय करा

व्हेल्ड शॅमेलिऑन हा रंग बदलणारा सरडा मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातला. अमेरिका-युरोपात पाळल्या जाणाऱ्या शॅमेलिऑनांमध्ये हा चिवट मानला जातो, तरी त्याची बरीचशी दुखणी खाण्यातूनच येतात. भारतात रानातला घोयरा सरडा, म्हणजे इथला शॅमेलिऑन, पकडणे आणि पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे तो विषयच नको. परदेशी शॅमेलिऑन घरी असेल तर २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते.

प्राणी येण्याच्या आठवडाभर आधी किडे आणा. रोजचे खाणे म्हणून रातकिडे आणि डुबिया झुरळे ठेवा. अमेरिकेतल्या फ्लोरिडात डुबिया ठेवता येत नाहीत, तिथे डिस्कॉइड झुरळे घेतात. यांच्या जोडीला रेशीमअळ्या, हॉर्नवर्म (एका पतंगाची हिरवी अळी) आणि ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या आलटूनपालटून द्या. हॉर्नवर्ममध्ये पाणी भरपूर असते, तर सोल्जर फ्लायच्या अळीत मुळातच कॅल्शियम जास्त असते. वॅक्सवर्म (मेणपतंगाच्या अळ्या) चरबीने भरलेले असतात. ते महिन्यातून एकदोनदाच द्यावेत, एरवी नाहीतच. बागेतले किडे पकडून घालू नका, कारण त्यांच्यावर कीटकनाशक असू शकते. काजवा तर चुकूनही देऊ नका, त्याच्या विषाने सरडे मरतात.

किड्यांसाठी उंच, गुळगुळीत भिंतींचा प्लास्टिकचा डबा घ्या आणि झाकणाला धातूची जाळी लावा. नायलॉनची जाळी रातकिडे कुरतडतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवा. पाण्याची वाटी ठेवली तर किडे बुडून मरतात, त्यामुळे गाजराच्या चकत्या किंवा पाण्याची जेल वापरा. मेलेले किडे रोज काढा, नाहीतर ओल आणि अमोनियाने उरलेलेही जातात.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवे ते इथे. रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो आणि शॅमेलिऑनला गरज असते नेमकी उलटी, साधारण दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस. म्हणून किडा देण्याआधी २४ ते ४८ तास त्याला मोहरीचा पाला, कोलार्ड (कोबीच्या जातीची पालेभाजी), डँडेलियनची पाने, शेवग्याचा पाला, रताळे, गाजर, पपई असे खाऊ घाला. उपाशी रातकिडा म्हणजे नुसते टरफल. पालक टाळा, त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. कुत्र्या-मांजरांचे खाद्य स्वस्त पडते म्हणून पुष्कळ जण तेच घालतात, पण अति प्रथिनांमुळे शॅमेलिऑनला गाउट (सांध्यांत आणि अवयवांत युरिक आम्ल साठण्याचा आजार) होण्याचा धोका वाढतो.

पावडरी दोन आणा. डी-३ जीवनसत्त्व नसलेले साधे कॅल्शियम जवळजवळ प्रत्येक जेवणाला, आणि डी-३ सह मल्टिव्हिटॅमिन महिन्यातून दोनदा. डी-३ आणि अ जीवनसत्त्व शरीरात साठून राहतात, रोज दिली तर विषारी ठरतात. पेल्यात चिमूटभर पावडर आणि किडे घालून हलवा. किड्यावर हलकासा थर दिसला की पुरे. पांढराफटक किडा शॅमेलिऑन नाकारतो. रातकिडे अंग चाटून पावडर काढून टाकतात, त्यामुळे लावली की लगेच द्या. यूव्हीबी ट्यूब (अतिनील किरणे देणारा दिवा) नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही. काचेतून यूव्हीबी जात नाही, म्हणून खिडकीतले ऊन त्याला पर्याय नाही. टी-५ प्रकारची ही ट्यूब उजळ दिसत असली तरी साधारण वर्षाने बदला.

किड्याची रुंदी शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला रोज दहा-बारा छोटे किडे लागतात. वाढ पूर्ण झालेल्या नराला एकाआड एक दिवस चार ते सहा पुरतात. मादीच्या बाबतीत हात आखडताच ठेवा: आठवड्यातून तीनदा, तीन-चार किडे. जास्त खाल्ले की ती नर नसतानाही मोठ्या संख्येने अंडी धरते आणि अंडी अडकून तिचा जीव जाऊ शकतो. खाणे सकाळी द्या, म्हणजे पचायला दिवसभर ऊब मिळते. आतून जाळी लावलेला पेला फांदीला टांगला की किड्यांना चढता येते आणि पळूनही जात नाहीत. मोकळे राहिलेले रातकिडे रात्री झोपलेल्या शॅमेलिऑनला चावतात, म्हणून उरलेले संध्याकाळी काढून घ्या.

व्हेल्ड पानेही खातो, त्यामुळे पिंजऱ्यात न फवारलेली, धुतलेली जास्वंद लावा. वाटीतले पाणी तो ओळखत नाही. सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारा मारा किंवा थेंबथेंब पाणी पडू द्या.

विष्ठेतला युरेट (लघवीचा घट्ट भाग) पांढरा असावा. गडद पिवळा किंवा नारिंगी दिसला तर पाणी कमी पडते आहे. जीभ नीट सुटत नाही, फांदीवरची पकड सैल, पाय वाकलेले, जबडा मऊ, ही कॅल्शियम कमी पडल्याची लक्षणे. सुजलेले, मिटलेले डोळे अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे असू शकतात. अशा वेळी घरी पावडर वाढवू नका. सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य आधीच शोधून ठेवा आणि जाताना ताजी विष्ठा, वापरलेल्या पावडरींचे डबे आणि ट्यूब बसवल्याची तारीख सोबत न्या.