अळमी उपटू नका, खणून काढा

श्रावणात गोव्यातल्या फोंडा-सांगे भागात रानात गेलात आणि वारुळाजवळ अळमी, म्हणजे रानातले मशरूम, दिसली, तर टोपी धरून ओढू नका. ओळख पटते ती मातीखालच्या भागावरून. काठीने बाजूची माती सैल करून देठ तळापर्यंत मोकळा करा. वारुळावरच्या खऱ्या अळमीचा देठ खाली मुळासारखा निमुळता होत वाळवीच्या घरापर्यंत जातो, आणि टोपीच्या मध्यावर टोक असते. देठाच्या बुडाशी पिशवी किंवा वाटीसारखे आवरण दिसले तर ती तिथेच सोडा. अमानिटा नावाच्या अतिविषारी अळमीची ती खूण. पावसात चिखलाबरोबर ही पिशवी जमिनीतच राहून जाते, म्हणून एवढा खटाटोप.

घरी आल्यावर एक टोपी पांढऱ्या कागदावर पालथी घालून वर वाटी झाका. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटतो. वारुळावरच्या अळमीचा फिकट गुलाबी, हिरवळीवर उगवणाऱ्या एका विषारी छत्रीचा हिरवट. हिरवट आला की सगळे फेकायचे. मात्र गुलाबी म्हणजे पास असे नाही, काही विषारी जातींचा ठसाही गुलाबीच असतो.

चांदीचा चमचा काळा पडतो का, किड्याने खाल्लीय का, या आजीच्या परीक्षा विसरा. अमानिटाचे विष शिजवून जात नाही, आणि उलट्या-जुलाब सुरू व्हायला सहा ते चोवीस तास लागतात. तसे झाल्यास १०८ ला फोन करा, उरलेली अळमी सोबत न्या. आणि वर्षानुवर्षे काढणाऱ्या जाणत्या माणसाने बघितल्याशिवाय तवा तापवूच नका.