साठीनंतर कॅराओकेला कोणतं इंग्रजी गाणं घ्यावं?

गाणं निवडताना आवडीआधी पट्टी बघा, म्हणजे गाण्याचे सूर किती वर-खाली जातात ते. रजोनिवृत्तीनंतर बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो. विशीत सहज लागणारा वरचा सूर साठीत ताणावा लागतो. म्हणून पहिलं नाव अमेरिकन गायिका कॅरन कारपेंटरचं. तिचा आवाजच खालचा, गहिरा. तिच्या आणि तिच्या भावाच्या 'कारपेंटर्स' या जोडीचं १९७३चं 'यस्टरडे वन्स मोअर' संथ आहे, शब्द स्पष्ट आहेत. शिवाय ते गाणंच रेडिओवर ऐकलेल्या जुन्या गाण्यांच्या आठवणीचं. रेडिओवर बिनाका गीतमाला ऐकत वाढलेल्या बाईला ते आतून कळतं. डोरिस डेचं १९५६चं 'के सेरा सेरा' त्याहून सोपं: तीन मात्रांचा झोका, आणि ध्रुवपद सगळी खोली उचलून धरते. सुरुवात यानेच करावी, असं मला मनापासून वाटतं.

ॲबा या स्वीडिश बँडचं 'डान्सिंग क्वीन' (१९७६) त्यांच्या दोघी गायिकांनी मिळून गायलेलं आहे आणि बरंच वर जातं, तेव्हा मैत्रिणीला सोबत घ्या. बहुतेक कॅराओके यंत्रांवर पट्टी बदलायचं बटण असतं. दोन-तीन घरं खाली उतरवा. एक घर म्हणजे पेटीवरची लगतची पट्टी, काळी-पांढरी दोन्ही धरून. आदल्या दिवशी घरी नुसत्या ट्रॅकवर एकदा गाऊन बघा. पहिली ओळ कुठे उचलायची, ते तेव्हाच कळतं.