पिकअपच्या ईसीयूला हात लावण्यापूर्वी: ट्यूनिंग आणि वॉरंटीचा हिशेब

कोल्हापुरातून गूळ किंवा भाजीपाला भरून गगनबावड्यामार्गे तळकोकणात उतरणारा आणि परतीचे भाडे घेऊन भरल्या गाडीने करूळ घाट चढणारा पिकअपमालक कधी ना कधी विचारतोच की, गाडीची ओढ वाढवून मिळेल का. मिळते. आजच्या डिझेल इंजिनाची ताकद बऱ्याच अंशी ईसीयूमधल्या, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकातल्या, सॉफ्टवेअरवर ठरते आणि ते सॉफ्टवेअर बदलणारी माणसे शोधायला फार लांब जावे लागत नाही. मात्र त्या कामाबरोबर इंजिनाच्या बिघाडाचा खर्च कंपनीच्या खात्यातून तुमच्या खात्यात येतो, आणि या बदलाची कोठेही लेखी नोंद होत नसल्यामुळे पुष्कळ मालकांना तो झाल्याचे पहिला क्लेम नामंजूर झाल्यावरच कळते. म्हणून ट्यूनिंगचा निर्णय पुढील क्रमाने घ्यावा, असे माझे मत आहे.

सर्वांत आधी गाडीची ताकद मुळात कमी आहे की बिघाडामुळे कमी झाली आहे, हे ठरवावे. माझ्या स्वतःच्या पिकअपने आंबा घाटात दम सोडायला सुरुवात केली. नेहमी तिसऱ्या गिअरमध्ये निघणारा चढ दुसऱ्यात घ्यावा लागू लागला आणि मागे काळा धूर दिसू लागला, तेव्हा एका परिचिताने थेट रिमॅप करण्याचा, म्हणजे ईसीयूतले सॉफ्टवेअर बदलून घेण्याचा, सल्ला दिला होता. उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींनी मात्र टर्बोकडून इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या रबरी पाइपाच्या खालच्या बाजूने हात फिरवला आणि बोटांना लागलेला तेलाचा ओशटपणा मला दाखवला. पाइपाला चीर पडली होती आणि टर्बोने दाबलेली हवा इंजिनात जाण्याऐवजी बाहेर सुटत होती. पाइप बदलल्यावर गाडी पूर्ववत झाली. त्या अवस्थेत रिमॅप केला असता, तर आधीच हवा कमी पडणाऱ्या इंजिनात आणखी डिझेल ओतल्यासारखे झाले असते.

तपासणी सोप्या गोष्टींपासून सुरू करावी. एअर फिल्टर चोंदला आहे का, हे ऊसतोडणीच्या हंगामात शेतरस्त्यांच्या धुळीत फिरणाऱ्या गाडीत विशेष पाहावे. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साठले आहे का, टायरमध्ये हवा पुरेशी आहे का, एखादे चाक ब्रेक धरून फिरते आहे का आणि चढावर इंजिनाचे फेरे वाढूनही वेग वाढत नसल्यास क्लच घसरतो आहे का, हेही पाहावे. त्यानंतर स्कॅनर लावून भरल्या गाडीने चढ चढताना ईसीयूने मागितलेला टर्बोचा दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब, तसेच कॉमन रेलमधला (इंजेक्टरांना उच्च दाबाने डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब यांची तुलना करून घ्यावी. दोन्ही आकडे जुळत असतील, तरच इंजिन निरोगी आहे आणि प्रश्न खरोखर ताकदीचा आहे, असे म्हणता येते. गाडी वॉरंटीत असेल, तर हीच तपासणी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्यावी आणि ‘भरल्या गाडीत चढावर ओढ कमी’ ही तक्रार जॉबकार्डवर याच शब्दांत लिहून घ्यावी. कंपनीने त्या मॉडेलसाठी सुधारित सॉफ्टवेअर दिले आहे का, हेही तेथेच विचारावे. ते उपलब्ध असेल, तर वॉरंटीला धक्का न लावता मिळणारे ट्यूनिंग हेच.

एवढे करूनही ओढ कमीच वाटत असेल, तर ट्यूनिंगने नेमके काय होते, ते समजून घेणे गरजेचे आहे. रिमॅपमध्ये ईसीयूतील मूळ नकाशे (डिझेल आणि दाब ठरवणारे आकड्यांचे तक्ते) बदलून इंजेक्टर अधिक काळ उघडे ठेवले जातात, रेलचा आणि टर्बोचा दाब वाढवला जातो आणि टॉर्कवर घातलेली मर्यादा वर सरकवली जाते. बाजारात मिळणारी ट्यूनिंगची डबी यापेक्षा साधी असते. ती बहुधा रेलच्या सेन्सरच्या वायरीत बसते आणि प्रत्यक्षापेक्षा कमी दाब ईसीयूला दाखवते, म्हणून ईसीयू फसून दाब वाढवते. दोन्ही प्रकारांत अधिक डिझेल जळते, आणि तेवढ्या प्रमाणात हवा मिळाली नाही, तर काजळी आणि उष्णता दोन्ही वाढतात. काजळीने डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) लवकर भरतो. उष्णतेचा मार ॲल्युमिनियमच्या पिस्टनला आणि टर्बोच्या टर्बाइनला बसतो. वाढलेला टॉर्क क्लच, गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलमधूनच चाकांपर्यंत जात असल्याने हे भागही ठरल्यापेक्षा लवकर झिजतात. कंपनीने इंजिनात राखून ठेवलेली ताकद ‘वाया’ ठेवलेली नसते. निकृष्ट डिझेल, एप्रिल-मेचा उन्हाळा, सर्व्हिसची चुकलेली तारीख आणि ओव्हरलोड या सगळ्यांसाठी ठेवलेली ती शिल्लक असते. रिकाम्या मोटारीत ट्यूनिंग केलेला माणूस पूर्ण ताकद काही सेकंदच वापरतो, भरलेली पिकअप मात्र घाटात ती सलग वीस-पंचवीस मिनिटे वापरते. मोटारवाल्यांचे अनुभव पिकअपला लागू पडत नाहीत, ते यामुळेच.

‘सर्व्हिसला नेण्यापूर्वी मूळ फाइल परत टाकून देतो, कोणाला कळणार नाही,’ हे आश्वासन ट्यूनिंग करणारे हमखास देतात आणि त्यावर अजिबात विसंबू नये. अनेक ईसीयूंमध्ये सॉफ्टवेअर किती वेळा लिहिले गेले, याची मोजणी राहते आणि मूळ फाइल परत टाकणे हेसुद्धा एक लिहिणेच असते. सीव्हीएन हा सॉफ्टवेअरवरून काढलेला पडताळणी क्रमांक ओबीडी सॉकेटमधून (स्कॅनर जोडण्याच्या जागेतून) वाचता येतो आणि बदललेल्या फाइलचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी जुळत नाही. काही नव्या ईसीयूंमध्ये तर सॉकेटमधून शिरकावच मिळत नाही. ईसीयू काढून कवच उघडावे लागते आणि तुटलेले सील नुसत्या डोळ्यांना दिसते. डबी काढून टाकली, तरी उच्च दाबाच्या जुन्या नोंदी आणि कनेक्टरवरच्या खुणा मागे राहू शकतात. याच्या उलट प्रकारही घडतो: नियमित सर्व्हिसमध्ये सॉफ्टवेअर अद्ययावत केले जाते, रिमॅप पुसला जातो आणि मालकाचे पैसे कोणतीही तक्रार न करता येण्याजोग्या रीतीने बुडतात.

आता वॉरंटीची पुस्तिका घ्यावी आणि ‘काय वगळले आहे’ हे प्रकरण सावकाश वाचावे. विक्री प्रतिनिधी तोंडी काय म्हणाला, याला क्लेमच्या वेळी किंमत नसते. अनधिकृत फेरफार, ओव्हरलोड, चुकलेली सर्व्हिस आणि अधिकृत ठिकाणाबाहेर केलेले काम यांविषयीची वाक्ये शोधून त्यांचे शब्द नीट पाहावेत: ‘फेरफारामुळे झालेला बिघाड’ वगळला आहे की ‘फेरफार केलेले वाहन’ सरसकट वगळले आहे? पहिल्या वाक्यरचनेत खिडकीची काच वर-खाली करणारी मोटर बिघडल्यास रिमॅपचा मुद्दा उपस्थित होऊ नये. दुसऱ्या वाक्यरचनेत तीही नाकारली जाण्याची शक्यता राहते. इंजिन, टर्बो, इंजेक्टर, डीपीएफ, क्लच आणि गिअरबॉक्स या साखळीतला क्लेम मात्र दोन्ही प्रसंगी अडचणीत येतो, असे धरूनच चालावे. परदेशी व्हिडिओंमध्ये ‘बिघाड फेरफारामुळेच झाला, हे कंपनीला सिद्ध करावे लागते’ असे सांगितले जाते, ते अमेरिकेतील १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्याच्या आधारे. तो कायदा अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी आहे. शिरोली नाक्यावरच्या गाडीला त्याचा उपयोग नाही.

वॉरंटी हा तुमचा आणि कंपनीचा करार आहे. कायद्याचा प्रश्न त्याहून वेगळा असून वॉरंटी संपल्यावरही तो संपत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन रस्त्यावर आणल्यास कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी वाहन चालवण्याचा परवाना धारण करण्यास अपात्रता, अशी तरतूद आहे. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस६ गाड्यांत ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा), डीपीएफ आणि काही मॉडेलांत धुरातले विषारी वायू कमी करणारी युरियाची यंत्रणा ही त्या मानकांसाठीच बसवलेली आहे. त्यामुळे डीपीएफ पोकळ करणे, ईजीआर बंद करणे किंवा युरियाची यंत्रणा सॉफ्टवेअरने झोपवणे ही कामे कोणत्याही परिस्थितीत करू नयेत. रिमॅपबाबत माझे मत सावध आहे, या कामांबाबत मात्र ते ठाम आहे. विमा कंपनीलाही फेरफार लेखी कळवावा लागतो, अन्यथा अपघाताच्या दाव्यात तोच मुद्दा पुढे येऊ शकतो.

यानंतर कागदावर बेरीज मांडावी. एका बाजूला रिमॅपचा खर्च आणि त्यातून खरोखर वाचणारा वेळ किंवा डिझेल लिहावे. दुसऱ्या बाजूला आपल्या मॉडेलचा टर्बो, इंजेक्टरचा संच, डीपीएफ आणि क्लच यांच्या किमती सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर विचारून लिहाव्यात, आणि गाडी उभी राहिल्यास बुडणारी भाडी व तरीही भरावा लागणारा हप्ता हेही त्यात धरावे. ॲव्हरेज वाढेल, हा दावा तपासल्याशिवाय बेरजेत घेऊ नये. टाकी काठोकाठ भरून, तीच फेरी, तेवढाच माल आणि तोच चालक ठेवून किमान चार वेळा मोजावे. वाढीव ओढ जास्त माल भरण्यासाठी हवी असेल, तर बेरीज येथेच थांबवावी, कारण ब्रेक, पाटे आणि ॲक्सल रिमॅपने मजबूत होत नाहीत आणि पासिंगपेक्षा (नोंदणीत मंजूर वजनापेक्षा) जास्त माल भरल्यास कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड बसतो. अशा मालकाने मोठ्या पासिंगची गाडी घेणे अखेरीस स्वस्त पडते.

हे सर्व वाचूनही वॉरंटी संपल्यानंतर ट्यूनिंग करायचेच, असे ठरले असेल आणि नोंदणीच्या तपशिलाबाबत कोल्हापूरच्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करून झाली असेल, तर काम नीट करून घ्यावे. ट्यूनिंग करणाऱ्याने तुमच्याच गाडीतून मूळ फाइल वाचून तिची प्रत तुमच्या ताब्यात द्यावी. दुसऱ्या गाडीची तयार फाइल चालवून घेऊ नये. कोणते आकडे किती वाढवले, हे सही-शिक्क्यासह लिहून घ्यावे. वाढ थोडकीच ठेवावी आणि काळा धूर दिसला, तर ती त्याच दिवशी कमी करून घ्यावी. एक्झॉस्टचे तापमान दाखवणारे मीटर बसवावे, ऑइल व फिल्टर कंपनीने सांगितलेल्या अंतरापेक्षा आधी बदलावेत आणि घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवावे, म्हणजे लालबुंद टर्बोला थंड व्हायला अवधी मिळतो.

ट्यूनिंग न करताही क्लेम नाकारला गेल्यास नकार लेखी, कारणासह आणि स्कॅनरच्या अहवालाच्या प्रतीसह मागावा. ‘ईसीयूत छेडछाड’ एवढे दोन शब्द पुरेसे मानू नयेत. कोणता क्रमांक कशाशी जुळला नाही, हे विचारावे. तोवर बिघडलेला भाग उघडू किंवा फेकू देऊ नये. प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची असते. येथे पिकअपमालकांसाठी एक खाच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ ठरत नाही, पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूला त्यातून सूट आहे. एकच गाडी घेऊन स्वतः चालवणाऱ्याने तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावे. चार गाड्या चालकांकडे देणाऱ्याला हा मार्ग अवघड जातो. भागाची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी, अशी मागणी कलम ३८ खाली करता येते.

जुनी पिकअप विकत घेणाऱ्याने हाच धागा उलट्या बाजूने तपासावा. वॉरंटी शिल्लक असलेली गाडी असेल, तर टोकन देण्यापूर्वी ती अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन सर्व्हिसचा इतिहास काढावा, सॉफ्टवेअरचे क्रमांक कंपनीच्या नोंदीशी ताडून घ्यावेत, डीपीएफच्या डब्यावर ताज्या वेल्डिंगची रेघ आहे का हे खालून बॅटरी मारून पाहावे, आणि विकणाऱ्याने तेथे यायला टाळाटाळ केली, तर गाडी तशीच सोडून द्यावी.