सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या एसएसएच की क्लाउडवरून कशा काढाव्यात

वाळूज-चिकलठाण्याच्या छोट्या कंपन्या घ्या, जालन्यातली बियाणे कंपनी घ्या, नाहीतर लातूरच्या बाजारातले सोयाबीनचे भाव दाखवणारं एखादं ॲप घ्या. सर्व्हर मुंबई रीजनमध्ये, सांभाळणारी पोरं दोन-तीन, आणि त्यातल्या एकाला हिंजवडीत बरं पॅकेज मिळालं की नोटीस पिरियड कसाबसा काढून तो निघतो. मालक लॅपटॉप जमा करून घेतात, ऑफिसचा मेल बंद करतात, हिशेब चुकता करतात. पण एसएसएच की, म्हणजे पासवर्डशिवाय दुरून सर्व्हरवर शिरायची डिजिटल किल्ली, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

लॅपटॉप जमा झाला म्हणून निर्धास्त राहू नका. या किल्लीची जोडी असते: प्रायव्हेट की माणसाकडे, पब्लिक की सर्व्हरवर. प्रायव्हेट की म्हणजे काही ओळींची छोटी फाईल. ती पेन ड्राइव्हवर किंवा घरच्या मशीनवर गेली असेल तर तुम्हाला कळणारही नाही. भाडेकरूने किल्ली परत दिली तरी शहाणा घरमालक कुलूप बदलतो, तसंच इथे करायचं. काम सर्व्हरच्या बाजूने, म्हणजे पब्लिक की काढण्याचं आहे. गडी भला असो वा नसो, पद्धत तीच.

पहिली पायरी: आधी परवानग्या काढा, एसएसएच की त्यानंतर

बरेच जण थेट की पुसायला बसतात. पण ज्याच्याकडे क्लाउडच्या कन्सोलवर (ब्राउझरमधल्या कंट्रोल पॅनलवर) मशीनचा मेटाडेटा, म्हणजे मशीनला जोडलेली माहिती, बदलायची परवानगी आहे, तो पुसलेली की दोन मिनिटांत परत टाकू शकतो. म्हणून गूगल क्लाउड असेल तर आधी आयएएमच्या (कुणाला काय करता येतं ते ठरवणाऱ्या) पानावर जाऊन त्याचे रोल, म्हणजे परवानग्यांचे संच, काढा. रोल ज्या पातळीवर दिला असेल तिथूनच काढावा लागतो. ऑर्गनायझेशन किंवा फोल्डरच्या पातळीवर दिलेला रोल खालच्या प्रोजेक्टमध्ये दिसतो, पण तिथून निघत नाही. तो माणूस एखाद्या गूगल ग्रुपमध्ये असेल तर ग्रुपमधूनही काढा. बदल लागू व्हायला काही मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ जातो, तेवढं थांबा.

ॲमेझॉनच्या क्लाउडवर आयएएम युजरचा पासवर्ड आणि ॲक्सेस की (कमांड लाइनवरून शिरायची वेगळी किल्ली), दोन्ही बंद करा. नुसता पासवर्ड बंद केला तर कमांड लाइनचा रस्ता उघडाच राहतो.

दुसरी पायरी: की कुठे-कुठे आहे ते शोधा

यात वेळ जातो आणि इथेच कंटाळा केला जातो. सर्व्हरवर प्रत्येक युजरच्या होम फोल्डरमध्ये एसएसएच नावाचा लपलेला फोल्डर असतो, आणि त्यात ऑथोराइज्ड कीज ही फाईल. उघडलीत की प्रत्येक ओळीत एक की दिसेल: सुरुवातीला एसएसएच-आरएसए किंवा एसएसएच-ईडी२५५१९, मग अक्षरांची लांबलचक माळ, आणि शेवटी युजर आणि लॅपटॉपचं नाव असलेली टीप. त्या टिपेवर भरवसा ठेवू नका. तिथे कुणीही काहीही लिहू शकतो, आणि पुसून टाकली तरी की चालतेच.

ओळख पटवायची ती फिंगरप्रिंटवरून, म्हणजे कीपासून बनणाऱ्या छोट्या खुणेवरून. एसएसएच-कीजेन ही कमांड एल आणि एफ हे पर्याय देऊन त्या फाईलवर चालवली की प्रत्येक कीचा फिंगरप्रिंट समोर येतो. आता लॉग बघा. उबंटूवर ऑथ डॉट लॉग, रेड हॅट घराण्यात सिक्युअर नावाची फाईल. 'ॲक्सेप्टेड पब्लिककी' असं लिहिलेल्या ओळीत कोणता युजर, कुठल्या आयपीवरून आणि कोणत्या फिंगरप्रिंटने आत आला ते नोंदलेलं असतं. सोडून गेलेला माणूस कोणती की वापरत होता हे तिथे बहुतेकदा सापडतं. तो फिंगरप्रिंट कागदावर उतरवून घ्या. पुढचं सगळं काम त्याच्या आधारावर.

मग तो फिंगरप्रिंट फक्त त्याच्या नावाच्या खात्यात शोधून थांबू नका. रूट, उबंटू, ईसीटू-युजर ही तयार खाती, डिप्लॉयसाठी (कोड सर्व्हरवर चढवायला) बनवलेलं खातं, सगळ्यांच्या फायली तपासा. ओपनएसएसएच (सर्व्हरवरचा एसएसएचचा प्रोग्राम) मूळ सेटिंगमध्ये ऑथोराइज्ड कीज २ या नावाची फाईलही वाचतं, हे फार कमी लोकांच्या लक्षात असतं.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष काढणे

गूगल क्लाउडवर दोन प्रकार आहेत. कंपनीने ओएस लॉगिन चालू ठेवलं असेल तर काम हलकं: प्रवेश आयएएमच्या रोलवर चालतो, मशीन मेटाडेटातल्या की मानत नाही. रोल काढला की दार बंद. तरी त्याच्या प्रोफाइलला जोडलेली की तशीच ठेवू नका. उद्या चुकून रोल परत मिळाला तर ती पुन्हा जिवंत होते. स्वतःची की ज्याची त्याला काढता येते, दुसऱ्याची काढायला ॲडमिनला डिरेक्टरी एपीआय वापरावा लागतो.

ओएस लॉगिन नसेल तर कॉम्प्युट इंजिनमध्ये मेटाडेटा उघडा, एसएसएच कीज टॅबवर जा, एडिट करा, त्याच्या कीसमोरची फुली दाबा, सेव्ह करा. ही झाली प्रोजेक्टची यादी. प्रत्येक मशीनची स्वतंत्र यादीही असते, ती त्या मशीनच्या एडिट पानावर तपासा. कमांड लाइनवरून करणार असाल तर जपून: तिथे नवी यादी जुन्या यादीच्या जागी बसते. एकट्याची की काढायला गेलात आणि बाकीच्यांच्या लिहायच्या राहिल्या, तर सगळी टीम बाहेर. मेटाडेटातून की गेली की मशीनवरचा गूगलचा एजंट ती फाईलमधून काढतो, पण कुणी हाताने टाकलेल्या ओळीला तो हात लावत नाही. ती तुम्हालाच काढायची.

ॲमेझॉनवर सगळ्यात मोठा गैरसमज आहे. ईसीटूच्या (ॲमेझॉनच्या भाड्याच्या मशीनच्या) कन्सोलवर की पेअर डिलीट केली म्हणजे झालं, असं वाटतं. तसं नाही. तिथे ॲमेझॉनकडची पब्लिक कीची नोंद जाते. चालू मशीनवरच्या फाईलमधली ओळ जागच्या जागी राहते आणि तो निवांत लॉगिन करतो. ओळ मशीनवर जाऊनच पुसावी लागते. शिवाय त्या मशीनची एएमआय इमेज, म्हणजे नवं मशीन उभं करायची प्रत, काढून ठेवली असेल, तर इमेजमध्येही जुनी की आहे. दिवाळीच्या गर्दीत त्याच इमेजवरून नवं मशीन उभं केलंत तर ती की परत हजर. स्वच्छ मशीनवरून नवी इमेज काढा, लाँच टेम्प्लेटमध्ये (नवं मशीन उभं करायच्या साच्यात) ती लावा.

पासवर्ड लॉक करून मोकळं होणारेही भेटतात. पासवर्ड लॉक केल्याने कीचं लॉगिन थांबतंच असं नाही. खातंच बंद करायचं तर यूजरमॉड कमांडने त्याची मुदत संपवा.

सगळ्यांची एकच पेम फाईल असेल तर

आपल्याकडे हेच जास्त दिसतं. पहिल्या दिवशी बनवलेली पेम फाईल (प्रायव्हेट की असलेली फाईल) व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली, आणि सगळे त्यावरच काम करतात. अशा ठिकाणी एकाची की काढणं शक्यच नाही, सगळ्यांचीच बदलावी लागते. प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर स्वतःची जोडी बनवावी आणि फक्त पब्लिक की पाठवावी. त्या ओळी सर्व्हरवर जोडा. आधीची खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्या कीने लॉगिन होतंय का बघा. झालं, मगच जुनी ओळ पुसा. लाइट आणि नेटचा भरवसा नसलेल्या गावात बसून हे करत असाल तर उघडी खिडकीही तुटू शकते, म्हणून चाचणीआधी जुनी ओळ पुसायची घाई नको.

आधी एक विचारून घ्या: रात्रीचा बॅकअप, कोड चढवणारी स्क्रिप्ट, टॅली किंवा ईआरपीचा डेटा ओढणारा जॉब यांपैकी काही त्याच्या कीवर चालतं का? चालत असेल तर त्या कामाला वेगळी की द्या. नाहीतर महिनाअखेरीला बिलं निघायची थांबतील आणि शिव्या तुम्हाला बसतील.

कोड ठेवायची जागा, गिटहबही राहून जातं. त्याला ऑर्गनायझेशनमधून काढलं तरी त्याने रेपॉझिटरीला (कोडच्या साठ्याला) लावलेली डिप्लॉय की चालूच राहते, कारण ती माणसाला बांधलेली नसते. रेपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळी काढा.

शेवटची तपासणी

की पुसली तरी आधीपासून जोडलेलं सेशन तुटत नाही. 'हू' कमांडने आत कोण आहे ते बघा, त्याच्या प्रोसेस पीकिल कमांडने बंद करा. क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) त्याने लावलेलं काही आहे का तेही पाहा. की परत लिहिणारी एक ओळ तिथे पुरते.

मग कागदावरचा फिंगरप्रिंट घेऊन सगळ्या मशीनवर पुन्हा एकदा शोध घ्या. बंद ठेवलेली टेस्टिंगची मशीनही चालू करून बघा. दुसऱ्या दिवशी लॉग उघडा आणि 'ॲक्सेप्टेड पब्लिककी'च्या ओळींमध्ये तो फिंगरप्रिंट शोधा. सापडला, तर एखादी फाईल नजरेतून सुटलीय; ती ओळ कुठल्या युजरच्या नावाने आहे तेही तिथेच लिहिलेलं असतं, त्या खात्यापासून पुन्हा सुरू करा.