झोपेतले ठोके कसे मोजावेत आणि कुठला आकडा धरावा

रंकाळ्यावर पहाटे चालणाऱ्या आमच्या बायकांच्या घोळक्यात रोज कुणीतरी ठोके मोजणारं घड्याळ बांधलेलं मनगट पुढं करतेच. "रात्री ४६ दाखवलं गं, बरं असतंय काय हे?" बरं असतंय. नियमित चालणाऱ्या-पळणाऱ्या निरोगी बाईचे झोपेतले ठोके मिनिटाला साधारण ४५ ते ६० च्या घरात असतात. मुरलेल्या धावपटूचे त्याहूनही खाली जातात. सगळीकडे छापलेला ६० ते १०० हा आकडा जागेपणी शांत बसल्यावरचा. तो झोपेला लावून कुणी घाबरवत असेल तर ऐकून सोडून द्या.

घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, हलणार नाही इतपत घट्ट. त्या हातात बांगड्या नकोत.

घड्याळ नसेल तर जाग आल्यावर उठायच्या आधी, मोबाइलला हात लावायच्याही आधी, अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा आळस नको, एक ठोका चुकला की हिशोबात चार चुकतात. झोपेतला आकडा यापेक्षा थोडा खालीच असतो.

ॲपमध्ये रात्रीचा सर्वांत कमी आकडाही दिसतो. तो विसरा. गाढ झोपेत ठोके खाली जातात, स्वप्नांच्या झोपेत वरखाली होतात. तो कमी आकडा एका क्षणाचा, कधी तर घड्याळाचीच चूक. रात्रभराची सरासरी लिहा. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या हिशोबाशेजारी.

आता खरी गोची, जिच्यात मी तीन महिने अडकले होते. माझी सरासरी ५१-५२. एकदा ती ५५-५६ वर गेली आणि आठ-दहा दिवस तिथंच बसली. पन्हाळ्याचा चढ अंगावर आला असेल म्हणून मी चालणं बंद केलं. थोड्या दिवसांनी आकडा उतरला. म्हटलं, बघा, विश्रांतीचा गुण! पुढच्या महिन्यात परत तेच, आणि तिसऱ्यांदा झालं तेव्हा घोळक्यातली एक म्हणाली, "हृदयावर ताण आलाय तुझ्या." मुकाट्यानं ईसीजी काढला. नॉर्मल. डॉक्टरांनी फक्त पाळीची तारीख विचारली.

घरी येऊन कॅलेंडरची पानं उलटली. पाळीच्या तारखेला मी लाल गोल करते. प्रत्येक वेळी आकडा गोलाच्या दोन आठवडे आधी चढलेला आणि गोलाच्या आसपास उतरलेला! बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, अंगाचं तापमान अर्ध्या अंशाच्या आत-बाहेर चढतं आणि ठोकेही दोन-चारने वाढतात. बिघाड काहीच नव्हता. चालणं मात्र फुकट बुडालं.

म्हणून निदान दोन पाळ्यांचे आकडे लिहिल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही. पाळीनंतरचे दिवस पाळीनंतरच्याच दिवसांशी ताडून बघा. नवऱ्याच्या आकड्याशी तर मुळीच नको. बाईचं हृदय आकारानं थोडं लहान, त्यामुळं ठोके सहसा थोडे जास्तच. पाळी थांबली असेल तर आठवड्याची सरासरी पुरते. गरोदरपणात ठोके दहा-वीसने वाढतात, तेव्हा जुना आकडा धरून बसू नका.

काही रात्री मोजायच्याच नाहीत. आखाडात रात्री अकराला तांबडा-पांढरा ओरपून झोपलात, ताप आहे, मेमधला उकाडा आहे, तर आकडा चढणारच. तापात एका अंश सेल्सिअसला दहाएक ठोके वाढतात. त्या तारखेवर फुली मारा.

डॉक्टरांकडे कधी जायचं? आकडा कमी आणि सोबत चक्कर, भोवळ किंवा धाप असेल तर लगेच. ठोके मध्येच चुकतात असं वाटलं तरी जा. कारण नसताना आठवडाभर नेहमीपेक्षा आठ-दहाने जास्त राहिले तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. आपल्याकडं बायकांत रक्त कमी असणं काही नवं नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके मुद्दाम कमी होतात, आकडा बघून त्या परस्पर बंद करू नका.

जाताना ॲप दाखवत बसण्यापेक्षा कॅलेंडरचं पान न्या. मी पुढच्या खेपेला फाडूनच नेलं होतं. त्या महिन्याचं दूध दूधवाला म्हणेल तेवढं धरलं.