शून्याची शक्यता की शून्य नसण्याची?

संख्याशास्त्रात एम.एस्सी. करताना प्रकल्पासाठी मला एका सर्वेक्षणाचा डेटा मिळाला. प्रश्न साधा होता: काल तुम्ही किती सिगारेटी ओढल्या? उत्तरांच्या रकान्यात शून्यंच शून्यं. ती पाहून मी थेट झिरो-इन्फ्लेटेड, म्हणजे जास्तीच्या शून्यांसाठी वेगळा भाग जोडणारं, मॉडेल लावलं. ती घाई होती.

शून्यं पुष्कळ असणं वेगळं आणि जास्तीची असणं वेगळं. मोजणीसाठीचं साधं मॉडेल म्हणजे पॉइसन. त्याची सरासरी ०.५ असेल तर शून्य येण्याची शक्यता ०.६०७ असते. म्हणजे शंभरात साठ शून्यं, तरी त्यात एकही जास्तीचं नाही. सरासरी २ असेल तर हीच शक्यता ०.१३५ होते. तिथे निम्मी शून्यं दिसली तर शंका घ्यावी, पण आधी निगेटिव्ह बायनॉमियल, म्हणजे जास्त फैलाव चालवून घेणारं मोजणीचं मॉडेल, लावून पाहावं. पॉइसन मॉडेल सरासरी आणि विचरण (आकड्यांच्या फैलावाचं माप) सारखं धरतं. प्रत्यक्षात माणसामाणसांत फरक असतो, त्यामुळे विचरण वाढतं आणि त्यासोबत शून्यंही. सरासरी २ च ठेवून निगेटिव्ह बायनॉमियलचा साइझ पॅरामीटर (तो जितका लहान, तितका फैलाव जास्त) ०.५ घेतला, तर शून्याची शक्यता ०.४४७ वर जाते. शून्यांसाठी वेगळा भाग न जोडता बराचसा हिशोब इथेच लागतो. म्हणून प्रत्येक मॉडेल किती शून्यं भाकीत करतं आणि डेटात किती आहेत, हे आधी शेजारी शेजारी मांडून बघा. मॉडेलांची तुलना करणारा एआयसी हा आकडा त्यानंतर.

झिरो-इन्फ्लेटेड मॉडेलचं म्हणणं असं की शून्यं दोन जातींची असतात. मुळात ओढतच नाही त्याचं शून्य, आणि ओढतो पण काल ओढली नाही त्याचं शून्य. डायन लॅम्बर्ट यांनी १९९२ मध्ये हे मॉडेल मांडलं तेव्हा उदाहरण कारखान्यातल्या दोषांचं होतं: यंत्रणा अगदी नीट चालू असेल तर दोष जवळजवळ येतच नाहीत, आणि बिघडली असेल तरी एखाद्या वेळी शून्य दोष निघू शकतात. अशाच डेटासाठीचं दुसरं मॉडेल म्हणजे हर्डल. त्यात शून्यांच्या अशा जाती नसतात. तिथे एक उंबरठा असतो. तो ओलांडला का, हा पहिला प्रश्न. ओलांडला असेल तर मोजणी किती, हा दुसरा. म्हणजे दोन्ही मॉडेलांत एक भाग शून्याचा आणि एक मोजणीचा.

आता ज्या जागी माझे दोन दिवस गेले, ती सांगते. ‘घरात आणखी कुणी ओढतं का’ या चलाचा शून्याच्या भागातला गुणांक हर्डलमध्ये अधिक आला, झिरो-इन्फ्लेटेडमध्ये उणे. डेटाच चुकलाय असं समजून मी कोडिंग तपासत बसले. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “ही शून्याची शक्यता आहे की शून्य नसण्याची?” आर या संगणकभाषेच्या पीएससीएल पॅकेजमध्ये झिरो-इन्फ्लेटेडचा तो भाग ‘कायमचं शून्य’ असण्याची शक्यता सांगतो आणि हर्डलचा भाग शून्य ओलांडण्याची. दोन्ही गुणांक एकच गोष्ट सांगत होते. जीएलएमएम-टीएमबी पॅकेजमध्ये तर हर्डल मॉडेलचाही हा भाग शून्याचीच शक्यता देतो. तेव्हा पॅकेज बदललं की आधी त्याच्या माहितीपत्रकातलं हे एक वाक्य शोधा.

खरी कसोटी अर्थ लावताना लागते. समजा, घरात दुसरं कुणी ओढत नाही अशांसाठी कायमच्या शून्याची शक्यता ०.६ आणि बाकीच्यांची सरासरी ५ आहे. एकूण सरासरी ०.४ गुणिले ५, म्हणजे २. आता त्या चलाचा मोजणीच्या भागातला गुणांक ०.३ आणि शून्याच्या भागातला उणे ०.७ धरा. गुणांक लॉगच्या मापावर असतात, म्हणून e चा ०.३ वा घात घेतला की १.३५ येतो. ‘३५ टक्के जास्त’ असं लिहायचा मोह होतो, पण ही वाढ फक्त ओढणाऱ्या गटातली आहे, सगळ्यांची नव्हे. e चा उणे ०.७ वा घात जवळजवळ ०.५. म्हणजे ‘कधीच न ओढणारा’ असण्याचे ऑड्स (असण्याची शक्यता भागिले नसण्याची शक्यता) निम्मे होतात, शक्यता नाही: ऑड्स १.५ वरून ०.७५ च्या आसपास येतात आणि शक्यता ०.६ वरून सुमारे ०.४३ वर. मोजणीची सरासरी ६.७५. दोन्ही भाग एकत्र केले की एकूण सरासरी सुमारे ३.९, जवळजवळ दुप्पट. हा आकडा मॉडेलच्या छापील निकालात कुठेही दिसत नाही. तो आपणच काढायचा.

शिवाय तो सगळ्यांसाठी सारखा नसतो. सुरुवातीची शक्यता ०.६ ऐवजी ०.१ असती, तर त्याच गुणांकांनी सरासरी दीडपटीच्याही खाली राहिली असती. म्हणून मी प्रकल्पात गुणांकांचा तक्ता परिशिष्टात टाकला आणि मुख्य मजकुरात वयोगटवार अपेक्षित सरासरी, विश्वास-अंतरासह (कॉन्फिडन्स इंटरव्हलसह) दिली. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्याच तक्त्यावर आला: “यातली कोणती शून्यं न ओढणाऱ्यांची, हे तुम्हाला कसं कळलं?” मी म्हणाले, एकेका माणसाबद्दल ते कळत नाही. मॉडेल फक्त शक्यता देतं, आणि दोन जाती आहेत हे गृहीतक आपण सिगारेटींबद्दल जे जाणतो त्यातून आलेलं आहे, डेटातून नाही.