कासवाच्या पिल्लांसाठी पाणी उबदार कसं ठेवावं

थंडीत कासवाच्या पिल्लाने खाणं सोडलं की आपण आधी खाऊ बदलून पाहतो. आम्हीही तेच केलं. नाशिकचा डिसेंबर, नाण्याहून जरा मोठं लाल कानाचं पिल्लू (रेड-इअर्ड स्लायडर), आणि आठवडाभर तसेच तरंगणारे दाणे. शेवटी थर्मामीटर बुडवला तर पाणी १८ अंश! कासवाला अंगची ऊब नसते. पाणी गार पडलं की पोटातलंही पचत नाही, मग ते खाणार कसं?

म्हणून पहिली खरेदी थर्मामीटरची. पिल्लाला २६ ते २८ अंश सेल्सिअस पाणी लागतं. आपलं अंग ३७ अंशांचं, त्यामुळे २७ अंशांचं पाणी बोटाला गारच लागतं. बाळाच्या आंघोळीसारखं कोपर बुडवून ‘कोमट’ केलेलं पाणी त्याला कढत होऊ शकतं.

मग हीटर. पूर्ण बुडणारा, थर्मोस्टॅटवाला (ठरवलेल्या तापमानाला आपोआप बंद होणारा), माशांच्या टाकीचाच घ्या. साधारण लिटरमागे एक वॅट, म्हणजे ५० लिटरला ५० वॅट. पिल्लांचं पाणी उथळ असतं, तेव्हा आडवा लावायला चालणारा हीटर पाहा; तो सगळा पाण्याखाली हवा. काचेच्या नळीला कासवं धडका देतात, म्हणून तिच्यावर भोकं पाडलेली प्लॅस्टिकची जाळी बसवा. भोकं मात्र बारीक पाडा. पिल्लू जिथे तिथे डोकं खुपसतं आणि मग ते बाहेर काढता येत नाही. वायरला सॉकेटच्या खाली झोल द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही.

बादलीत पाणी तापवायचा रॉड? अजिबात नाही. त्याला थर्मोस्टॅट नसतो, आणि शॉकचा धोका तुम्हालाही आहे.

पाणी बदलताना आधी प्लग काढा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. तापलेला हीटर पाण्याबाहेर राहिला किंवा त्यावर गार पाणी पडलं की काच तडकते. नवं पाणी बादलीत गीझरचं पाणी मिसळून, तापमान मोजूनच ओता.

वर लावलेला बल्ब पाण्यासाठी नसतो. तो बसायच्या दगडासाठी. तिथे ३२ ते ३५ अंश हवेत. टब थेट उन्हात ठेवायचा मोह टाळा, उथळ पाणी बघता बघता तापतं. आणि मे महिन्यात हीटर काढून ठेवलेलाच बरा.

वीज गेली तर टाकीभोवती घोंगडी गुंडाळा, वर हवेला फट ठेवा. कोमट पाण्याची बाटली घट्ट बूच लावून टाकीत सोडली तरी तासभर निभावतं. उकळतं पाणी थेट ओतू नका.

नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, एका अंगावर कलून पोहणं यांपैकी काही दिसलं तर नुसती ऊब वाढवत बसू नका, प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवा, कासवांमुळे साल्मोनेला या जंतूचा संसर्ग होऊ शकतो. पिल्लू भारतीय जातीचं असेल, स्टार कासव वगैरे, तर ते पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. लाल कानाचं असेल तर नकोसं झाल्यावर तळ्यात सोडू नका, ते देशी कासवांच्या मुळावर येतं.

आमच्याकडे हीटर लावल्यावर तिसऱ्या दिवशी पहिला दाणा गेला. थर्मामीटर मी अजून पहाटे सहाला बघतो, कारण पाणी सगळ्यात गार तेव्हाच असतं.